सांबरशिंगी नेच्यांचे गृहसंगोपन : प्रस्तावना

मराठीत उद्यानविद्येवरील वाङ्मय अगदीच दरिद्री आहे असे म्हणता येणार नाही. गुलाबाची छाटणी, आंब्याची कलमे, परसातला भाजीपाला आणि अलीकडे गच्चीवरची शेती यांविषयी अधिकारी लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे आणि वाचकांनी ते आवडीने वाचलेही आहे. परंतु ज्या वनस्पतीला फूल नाही, फळ नाही, गंध नाही आणि देवपूजेच्या तबकात जिला स्थान नाही, तिच्याविषयी आपल्याकडे एक प्रकारची उदासीनता परंपरेने चालत आलेली आहे. नेच्यांच्या वाट्याला ही उदासीनता सर्वांत अधिक आली. पावसाळ्यात सह्याद्रीच्या प्रत्येक ओल्या कड्यावर ते उगवतात म्हणून त्यांचे अप्रूप नाही, आणि दिवाळीनंतर ते वाळून जातात म्हणून त्यांची आठवण नाही. अशा परिस्थितीत स्टॅगहॉर्न फर्न, ज्याला या ग्रंथात सांबरशिंगी नेचा म्हटले आहे, त्या एकाच वनस्पतिवंशाच्या गृहसंगोपनावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ सिद्ध व्हावा ही घटना मला स्वागतार्ह वाटते आणि काहीशी आश्चर्यकारकही वाटते.

या वनस्पतीचे वैशिष्ट्य असे की तिला जमीन लागत नाही. उष्ण प्रदेशांतील अरण्यांत उंच वृक्षांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत आणि क्वचित उघड्या खडकांवर ती वाढते. पण वृक्षाच्या अंगातला रस ती घेत नाही, म्हणून तिला बांडगूळ म्हणणे हा तिच्यावर निखालस अन्याय आहे. तिची पाने दोन प्रकारची असतात. एक प्रकार ढालीसारखा, वाटोळा, खोडाला घट्ट चिकटून राहणारा. ही पाने कोवळेपणी हिरवी असतात, पुढे तपकिरी होऊन मरतात, पण गळत नाहीत. एकावर एक थर साचून त्यांची स्पंजासारखी गादी तयार होते आणि वरून पडणारा पालापाचोळा व पावसाचे पाणी तीत अडकून राहते. दुसरा प्रकार शिंगांसारखा, पुढे आलेला किंवा खाली लोंबणारा, फाटे फुटत गेलेला. अन्न तयार करण्याचे मुख्य काम आणि प्रजोत्पादनाचे बीजाणू धारण करण्याचे काम या पानांकडे असते. साठवणीचे दप्तर एकाकडे आणि कमाईचे दुसऱ्याकडे, असा हा चोख कारभार आहे. आपल्या मातीची तजवीज ही वनस्पती स्वतःच, स्वतःच्या मेलेल्या पानांतून करते, हे एकदा ध्यानात आले म्हणजे तिच्या संगोपनातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

महाराष्ट्राच्या अरण्यांत सांबरशिंगी नेचा नैसर्गिक स्थितीत आढळत नाही. परंतु त्याची जीवनरीती आपल्याला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर आंब्याफणसांच्या खोडांना बिलगून वाढणारे बाशिंग ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी हीच युक्ती दुसऱ्या एका नेच्याने अमलात आणलेली पाहिली आहे. बाशिंगाची बुडाशी असलेली तपकिरी, ओकच्या पानासारखी कातरलेली पाने पाचोळा धरून ठेवतात आणि लांब हिरवी पाने उन्हाळ्यात झडून पावसाबरोबर पुन्हा येतात. दोघांचे वंश निरनिराळे, पण कुल एकच. मराठी वाचकाने या ग्रंथात प्रवेश करताना बाशिंग मनात ठेवावे, असे मी सुचवीन.

सांबरशिंगी नेच्यांच्या वंशाला शास्त्रात प्लॅटिसेरियम म्हणतात आणि त्यात सुमारे 18 जाती मानल्या जातात. त्यांचा मुलूख विस्तृत पण तुटक आहे. जावापासून न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियापर्यंत एक गट पसरला आहे. फिलिपाइन्स, मलाया, थायलंड आणि ब्रह्मदेश या बाजूस दुसरा गट आहे. क्वीन्सलंडमधला भव्य सुपर्बम हा मात्र ऑस्ट्रेलियात राहूनही या दुसऱ्या गटाचा आप्त आहे. तिसरा गट आफ्रिकेत व मादागास्करात आहे. राहिली एक जात, अँडिनम. ती पेरू आणि बोलिव्हिया यांच्या बाजूला, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी एकाकी राहते, आणि क्रायर व श्नायडर यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिक अभ्यासावरून तिचे नाते आफ्रिकेतल्या जातींशी जुळते असे दिसते. भारताच्या वाट्याला या वंशातील वॉलिशी ही एकच जात आली आहे. तीही मणिपूरकडच्या, ब्रह्मदेशाला लागून असलेल्या अरण्यांत, आणि तेथेही दुर्मीळ. कोरड्या ऋतूत तिची पाने आखडून गुंडाळली जातात आणि पावसाबरोबर पुन्हा उलगडतात; तिचे बीजाणू हिरवे असतात, आणि ही गोष्ट तिच्या भावंडांत दुसऱ्या कोणाकडे नाही.

या वंशाचा युरोपीय विद्येशी परिचय झाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिल्येस याने आज बायफर्केटम म्हणून घरोघर दिसणाऱ्या जातीचे वर्णन 1799 मध्ये केले. त्या वेळी ती निराळ्याच वंशात घातली गेली होती. प्लॅटिसेरियम हा स्वतंत्र वंश फ्रेंच पंडित देव्हो याने 1827 मध्ये स्थापन केला. पण दप्तरात नाव नोंदले जाणे वेगळे आणि दिवाणखान्यात प्रवेश मिळणे वेगळे. दुसरी गोष्ट घडून आली ती नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या एका लंडनच्या डॉक्टरामुळे. 1829 मध्ये एका पतंगाचा कोश बंद बाटलीतील ओल्या मातीत ठेवला असता त्या मातीत एक नेचा आपोआप उगवला आणि बाहेरच्या धुरकट हवेत जो जगत नव्हता तो बाटलीत सुखाने वाढला, हे त्याने पाहिले. त्यातून काचेच्या बंद पेट्यांची कल्पना निघाली. 1842 मध्ये त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले. 1845 मध्ये इंग्लंडातील काचेवरचा कर उठला. आणि त्यानंतर मध्यमवर्गीय घरांतून नेच्यांचे जे वेड पसरले, त्याला चार्ल्स किंग्जले याने 1855 मध्ये नेचेवेड अशा अर्थाचे एक थट्टेचे नावही देऊन टाकले.

त्या वेडाचा इतिहास मनोरंजक आहे, पण तो निर्मळ नाही. ज्या पेट्यांतून नेचे लंडनला आले, त्याच पेट्यांतून चहा आणि सिंकोना यांची रोपे एका वसाहतीतून दुसरीत गेली. सांबरशिंगी नेच्यांच्या जातींची नावे वाचीत गेले की साम्राज्याच्या नोकरवर्गाची यादी वाचीत असल्याचा भास होतो. वॉलिशी हे नाव कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिक यांचे. रिड्लेयी हे सिंगापूरच्या उद्यानाचे संचालक आणि मलायातील रबर-लागवडीचे प्रवर्तक हेन्री रिड्ली यांचे. हिलाय हे ब्रिस्बेनच्या उद्यानाचे वॉल्टर हिल यांचे. एलिसाय हे मादागास्करात गेलेल्या विल्यम एलिस या मिशनऱ्याचे. आणि व्हीचाय हे त्या काळच्या सुप्रसिद्ध इंग्रज रोपवाटिकेच्या घराण्याचे. ज्या लोकांनी झाडांवर चढून ही रोपे उतरवली, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव या यादीत नाही.

विसाव्या शतकात या वंशाचा अभ्यास अधिक काटेकोर झाला. फिलिपाइन्समधील ग्रँडे आणि ऑस्ट्रेलियातील तशीच दिसणारी जात या वस्तुतः दोन आहेत, हे 1970 पर्यंत स्पष्ट झालेले नव्हते. त्या वर्षी दुसरीला सुपर्बम हे नाव मिळाले, आणि तरीही बाजारात आजतागायत सुपर्बम हाच ग्रँडे म्हणून विकला जातो. बार्बरा जो होशिझाकी यांनी 1972 मध्ये सर्व जातींच्या रचनेचा व नात्यागोत्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि हेनिपमन व रूस यांचा वंशविषयक मोठा प्रबंध 1982 मध्ये हॉलंडात निघाला. हौशी मंडळींच्या दृष्टीने मात्र रॉय व्हेल यांची 1984 ची पुस्तिका अधिक महत्त्वाची ठरली. वाढविणाऱ्याच्या हाताला आलेला अनुभव शास्त्रीय वर्णनाच्या बरोबरीने मांडावा, हा पायंडा तिने पाडला.

अगदी अलीकडचा एक शोध येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस असलेल्या लॉर्ड हाउ बेटावरील बायफर्केटमच्या वसाहती तपासून केव्हिन बर्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये असे मांडले की एका वृक्षावरील या नेच्यांच्या समूहात श्रमविभागणी असते. वरच्या बाजूची रोपे मेणचट पानांनी पाणी खाली वळवतात, खालची रोपे ते शोषून धरतात, आणि कित्येक रोपे बीजाणू निर्माणच न करता समूहासाठी राबतात. मधमाश्या आणि मुंग्या यांच्याविषयी आपण जे बोलतो ते वनस्पतीविषयी बोलावे की नाही, यावर शास्त्रज्ञांचे एकमत होईल तेव्हा होवो. घरात वाढविणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे की जुन्या रोपाभोवती फुटलेली पिल्ले सुटी करण्याची घाई करू नये; ती मिळून चांगली जगतात.

संगोपनाच्या पद्धतींत निरनिराळे संप्रदाय आहेत. ऑस्ट्रेलियात हा नेचा परसातला आहे. तेथे एखाद्या झाडाला किंवा कुंपणाच्या फळीला तो बांधला की मालकाचे कर्तव्य जवळजवळ संपते. अमेरिकेत, विशेषतः फ्लॉरिडा आणि कॅलिफोर्निया या भागांत, तारेच्या टोपल्यांत चहूबाजूंनी वाढवून साखळीने टांगलेले अवाढव्य गोळे हे अभिमानाचे विषय होतात आणि एका घराण्यात ते पिढ्यान्‌पिढ्या चालतात. थायलंडात चार जाती मूळच्याच असल्यामुळे तेथील उत्पादकांचा कल संकरांकडे आणि निवडीने घडविलेल्या वाणांकडे आहे. जपानी संप्रदाय याहून सर्वस्वी भिन्न आहे. एक फळी, तिच्यावर एकच रोप, ढालपानांचा आकार सममित, शिंगपाने आखूड आणि ताठ. त्यासाठी दिव्यांचा भरपूर प्रकाश, पंख्याची सतत झुळूक आणि पाण्याचा कडक हिशेब. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर जी छायाचित्रे फिरत आहेत ती बहुधा या शेवटच्या संप्रदायाची आहेत, आणि आपल्याकडील नवशिक्यांच्या मनात तोच एकमेव आदर्श होऊन बसला आहे. ही गोष्ट मला फारशी हितावह वाटत नाही. त्या कलेविषयी मला आदर आहे. पण एखाद्या बैठ्या घरातील उजेडाच्या ओसरीत दहा वर्षे निवांत वाढलेला, वेडावाकडा, पिल्लांनी वेढलेला बायफर्केटम हाही पूर्ण यशच होय.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. घरात ही वनस्पती मरते ती बहुतकरून पाण्याने. कधी पाण्याच्या अभावाने, पण त्याहून पुष्कळ वेळा पाण्याच्या अतिरेकाने. अरण्यात तिच्या मुळांवर पाऊस कोसळतो आणि थोड्याच वेळात वारा ती मुळे सुकवून टाकतो. भिजणे आणि सुकणे हे दोन्ही तिला हवे असते, आणि दोहोंच्या मध्ये हवा हवी असते. बंद खोलीत पाणी मिळते पण वारा मिळत नाही, मुळांभोवती बांधलेले शेवाळ ओले राहते, आणि शिंगपानांचा बुंध्याकडील भाग काळा पडू लागतो. तहानेची खूण निराळी: पाने लोळतात आणि शेंडे करपतात. या दोन खुणांतला भेद ज्याला कळला त्याला वेळापत्रकाची गरज नाही. रोप बांधलेली फळी हातात घेऊन तिचे वजन पाहावे; हलकी लागली तर बादलीत बुडवून भिजू द्यावी, पाणी निथळू द्यावे, आणि मगच पुन्हा भिंतीवर टांगावी. भिंत आणि फळी यांच्यात बोटभर अंतर ठेवावे, म्हणजे रोपालाही हवा मिळते आणि रंगाचे पोपडेही निघत नाहीत.

परदेशी पुस्तकांत आठवड्यातून एकदा पाणी द्यावे असा सरसकट हुकूम असतो. तो हुकूम जेथे बारा महिने घराचे तपमान यंत्राने एकसारखे राखले जाते तेथे कदाचित चालेल. आपल्याकडे तो एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाईपर्यंत खोटा ठरतो. मुंबईत आणि कोकणपट्टीत आषाढ-श्रावणात हवाच इतकी ओली असते की शेवाळ दोन-दोन आठवडे सुकत नाही. तेथे त्या दिवसांत पाण्यापेक्षा पंख्याची निकड अधिक. पुण्याकडे चैत्र-वैशाखातील कोरडी हवा पाने मलूल करते. नागपूर-अकोल्याकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा रोज भिजवूनही पुरत नाही. पण वाळ्याच्या पडद्यांच्या कूलरची ओलसर हवा ज्या खोलीत खेळते, तेथे हीच वनस्पती उन्हाळा सुखाने काढते, अर्थात थेट झोताच्या बाहेर ठेवली तर. वातानुकूलित खोलीची हवा मात्र थंड असूनही कोरडी असते, आणि या कोरडेपणाची कल्पना पुष्कळांना येत नाही. कूपनलिकेचे जड पाणी पानांवर आणि शेवाळावर क्षारांचे पांढरे डाग ठेवते. पावसाचे पाणी साठविणे शक्य असेल त्याने ते अवश्य साठवावे.

प्रकाशाविषयी गैरसमज याच्या उलट दिशेचा आहे. नेचा म्हटला की सावली, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. पण उंच फांद्यांवर राहणारी ही वनस्पती जमिनीवरच्या दाट छायेत वाढणाऱ्या नेच्यांसारखी नाही. तिला भरपूर, पण गाळलेला उजेड हवा. पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेची असल्यास पातळ पडदा. आणि खिडकीच नसल्यास दिवसाचे दहाबारा तास एलईडी दिवा. पानांवर जी पांढुरकी लव दिसते ती धूळ नव्हे, बुरशीही नव्हे. ते तारकाकृती केसांचे आवरण असून पाण्याचे बाष्पीभवन रोखण्याचे काम ते करते. स्वच्छतेच्या उत्साहाने ही लव पुसून काढणे आणि तपकिरी झालेली ढालपाने वाळकी म्हणून उपटणे, या दोन सत्कृत्यांनी जितके नेचे दगावले असतील तितके कोणत्याही किडीने दगावले नसतील. किडींपैकी खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांच्यावर नजर ठेवावी लागते; तेलकट औषधे या लवेला सोसत नाहीत, तेव्हा कापसाच्या बोळ्याने हाताने टिपून काढणेच बरे.

बांधणीच्या साहित्यात आपला देश संपन्न आहे. सागवानी फळीचा तुकडा, नारळाचे सोडण, मासेमारीचा तंगूस ही सामग्री कोकणात कोठेही मिळते. सोडणातले क्षार जाण्यासाठी ते तीनचार पाण्यांतून काढावे, तांब्याची तार वापरू नये, रसायनांत मुरवलेले लाकूड टाळावे, आणि रोपाचा वाढता डोळा शेवाळाखाली गाडला जाणार नाही याची खातरजमा करावी. यापलीकडे बांधणीत गूढ असे काही नाही.

रोपांची पैदास हा मात्र असा मामला आहे की त्यात हौशी माणसाची केवळ कसोटीच नव्हे, तर सचोटीही पाहिली जाते. बायफर्केटमला मुळांपासून पिल्ले फुटतात आणि ऊतिसंवर्धनाने त्याची लक्षावधी रोपे आज तयार होतात. त्याच्या ऊती यंत्रात चक्क घुसळून तुकड्यांतून नवी रोपे काढता येतात, इतका तो चिवट आहे. सुपर्बम, ग्रँडे, वॉलिशी यांसारख्या एकट्या राहणाऱ्या जातींना पिल्ले फुटत नाहीत. त्यांना बीजाणूंवाचून गत्यंतर नाही. बीजाणू निर्जंतुक ओल्या माध्यमावर पेरले की प्रथम हिरवी बुरशी वाटावी असा थर येतो, मग हृदयाच्या आकाराचे इवलेसे पर्ण, त्यावर पाण्याच्या थेंबात होणारे फलन, आणि नंतर कोठे पहिले खरे पान. रोप ओळखू येण्यास वर्ष जाते, भव्यता येण्यास कित्येक वर्षे. ही मुदत ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी बाजार अरण्याकडे वळतो. मोठा झालेला, झाडाच्या सालीसकट ओरबाडून आणलेला नेचा महाग विकला जातो, आणि बहुधा घरी येऊन वर्षभरात मरतो. मणिपूर, ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत यांमधील वॉलिशीवर वृक्षतोडीबरोबरच या संग्रहाचेही संकट आहे.

म्हणूनच हा ग्रंथ आज निघावा यात औचित्य आहे. शहरांतील सदनिकांत जमीन राहिलेली नाही, कुंड्या ठेवण्यास गॅलरीही पुरत नाही, पण भिंती आहेत आणि खिडक्या आहेत; जमिनीवाचून वाढणारी वनस्पती अशा घरात येणे स्वाभाविक आहे आणि ती येऊ लागलीही आहे. मोबाइलवर मागणी नोंदवून चार दिवसांत फळीसकट रोप घरी मिळते, पण त्याबरोबर मिळणारी माहिती बहुधा दुसऱ्याच हवामानातली असते. ग्रंथकारांनी ही उणीव भरून काढण्याचा बेत केला आहे. त्यांनी सर्व जातींचा कोश रचण्याचा हव्यास धरलेला नाही. घरात खरोखर जगू शकतील अशा मोजक्या जाती घेऊन, मराठी महिन्यांच्या क्रमाने, कोकण, देश आणि विदर्भ यांचा भेद राखून त्यांनी विवेचन केले आहे. आकृत्या त्यांनी स्वतःच्या रोपांवरून काढलेल्या आहेत आणि त्यांत मेलेल्या रोपांच्या आकृत्याही आहेत, हे मला विशेष मोलाचे वाटते. वर्णनाची भाषा क्वचित फार संक्षिप्त झाली आहे, आणि संकरांविषयी त्यांनी दाखविलेली तुच्छता थोडी सैल केली असती तरी चालले असते.

एका बाबतीत माझा आणि त्यांचा मतभेद कायम आहे. ढालपानामागे केळीची साल टाकण्याच्या ऑस्ट्रेलियन शिरस्त्याला ते सशर्त संमती देतात. सालीतून पालाश मिळते हे खरे, पण नत्राची गरज तीतून भागत नाही, आणि बंद घरात चिलटे मात्र मुबलक मिळतात. वाढीच्या दिवसांत पातळ केलेले द्रवखत महिन्यातून एकदा दिले तर साल कचऱ्याच्या डब्यात गेलेलीच बरी. वाचकांनी दोन्ही पक्ष वाचून आपला निर्णय करावा.

नव्याने आरंभ करणाऱ्याने बायफर्केटमचे लहान, रोपवाटिकेत तयार झालेले रोप घ्यावे आणि त्याच्याबरोबर तीनही ऋतू काढल्यावाचून दुसऱ्या जातीकडे वळू नये. मोठा वॉलिशी कोणी स्वस्तात देऊ करील, तर तो कोठून आला हे प्रथम विचारावे, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तो घेऊ नये, ही माझी वाचकांस आग्रहाची विनंती आहे.